दांड्याचं दुसरं टोक

तेव्हा मी अठ्ठावन्न वर्षांची होते, म्हणजे तरुणच. आज अडुसष्टाव्या वर्षी त्या बाईकडे वळून बघते तेव्हा तिच्या कानाखाली एक ठेवून द्यावीशी वाटते. आणि मग हसूही येतं, कारण तिच्या गळ्यात शिट्टी आहे. बघा तरी! रिटायर होऊन अबुधाबीला आलेली बाई, खलिफा सिटीत मुलाच्या व्हिलात राहते, गवार मोडते, आणि गळ्यात शाळेची शिट्टी अडकवून हिंडते. पुण्यात मुलींच्या शाळेत एकतीस वर्षं पीटी शिकवली होती मी. शिट्टी काढली की मान हलकी पडायची.

मुलगा आणि सून दोघंही ऑफिसात. त्यामुळे तेरा वर्षांच्या नातीला रोज दुपारी चारला घोड्यांच्या तबेल्यावर न्यायचं काम माझ्या गळ्यात पडलं. गाडी ड्रायव्हर चालवायचा, मी मागे बसून त्याला रस्ता सांगायचे. मला रस्ता माहीत नव्हता हा भाग वेगळा.

तबेला म्हटल्यावर मी टांग्याचे घोडे, शेणामुताचा वास आणि गोणपाट डोळ्यांपुढे आणलं होतं. इथे घोड्यांना एसी होता. माझ्या शाळेच्या स्टाफरूमला पंखा एकच होता, तोही मुख्याध्यापिकाबाईंच्या दिशेनं तोंड करून. ऑक्टोबर ते एप्रिल, ऊन जरा माणसात येतं तेवढ्या दिवसांत, शोचा सीझन. दर दोन आठवड्यांनी कुठे ना कुठे स्पर्धा. मैदानाकडेला मुलांच्या आया बसायच्या, गोऱ्या, लांब पायांच्या, हातात कॉफी. त्यांतल्या एकीनं पहिल्याच दिवशी मला विचारलं, "तू हिची नॅनी का?" मी म्हटलं, "नो, ग्रॅनी." तिला वाटलं मी विनोद केला. ती हसली आणि उठून दुसऱ्या खुर्चीवर गेली. पुढचे पाच महिने त्यांच्यापैकी कोणी माझ्याशी बोललं नाही. मला त्याचं काही वाटत नाही, असं मी रोज गाडीत नातीला सांगायचे. ती म्हणायची, "आजी, नोबडी आस्क्ड."

नात आधी ज्या प्रकारात होती त्यात घोडा दिसतो कसा, चालतो कसा, वर बसलेली मुलगी कशी बसते, याला गुण. थोडक्यात मुलगी दाखवायचा कार्यक्रम. त्या सीझनला ती दुसऱ्या प्रकारात गेली. तिथे रूपाशी कोणाला घेणंदेणं नसतं. रंगीत दांडे रचलेले अडथळे असतात, त्यांवरून घोड्यानं उडी मारायची. पायाला लागून दांडा पडला की चार दोष. बस.

तिला तबेल्यानं दिलेली घोडी तपकिरी रंगाची, चौदा वर्षांची, स्वभावानं गरीब. नातीचा तिच्यावर असा जीव की घरी कोणी फराळाचं ताट पुढे केलं तरी ही आधी विचारायची, "हे घोड्याला चालतं का?" फक्त घोडीचे मागचे पाय आळशी होते. दर शोला एक दांडा पडायचाच. शेवटी मार्चमध्ये कोचबाईनं नातीला समोर उभं करून सांगितलं, सीझनच्या शेवटच्या शोमध्ये एकही दांडा पडला तर ही घोडी तुझ्याकडून जाईल. उन्हाळ्यापासून शिकाऊ मुलांच्या धड्यांना. म्हणजे दिवसाला सहा-सहा नवखी पोरं तिच्या पाठीवर आपटणार, लगाम ओढून तोंड सोलणार. कोचबाई अमेरिकन होती, हे सगळं हसत सांगितलं. नात गाडीत घरापर्यंत रडली. "शी विल हेट इट, आजी. शी विल थिंक आय लेफ्ट हर."

शोच्या दोन दिवस आधी, सकाळी, नात शाळेत होती. घोडीच्या खोगिराखाली घालायची पांढरी कापडं मी नीळ घालून धुतली होती, ती पोचवायला गेले. मैदानात कोचबाई स्वतः घोडीवर बसलेली, आणि खाली घोडीचा मोतद्दार हात मागे बांधून उभा. राजस्थानचा माणूस, पन्नाशीचा, त्यातली अठरा वर्षं इथल्या घोड्यांत गेलेली. घोडीचे पाय तोच धुवायचा, तोच बांधायचा, आणि नात शाळेत असली की माझ्या फोनवर घोडीचे फोटो पाठवायचा.

तो म्हणत होता, "मैडम, मैं नहीं पकड़ूँगा. दूसरा कुछ भी बोलो."

कोचबाईनं मान वळवली, मला पाहिलं आणि म्हणाली, "तू खेळ शिकवायचीस ना?"

तिला माहीत होतं! पाच महिन्यांत त्या जागेवर कोणाला तरी माझं काहीतरी माहीत होतं. मी शिट्टी सरळ केली.

काम सोपं होतं. दांड्याचं एक टोक खुंटीवर, दुसरं माझ्या हातात. घोडी उडी घेऊन वर आली की बरोबर त्या क्षणाला माझं टोक वीतभर उचलायचं, म्हणजे दांडा तिच्या नडगीवर बसतो. दुखतं. पुढच्या वेळी ती पाय वर घेते. "जस्ट अ रिमाइंडर," कोचबाई म्हणाली. स्पर्धेच्या नियमांत याला बंदी आहे हेही तिनंच सांगितलं, आणि डोळा मारला.

मला कळलं नाही, असं लिहायला आज कोणाची हरकत असणार नाही, पण मला नीट कळलं होतं. उंच उडीला पाय न उचलणाऱ्या पोरींच्या पोटऱ्यांवर मी एकतीस वर्षं याच शिट्टीची दोरी ओढत आले होते. त्यांतल्या दोघी जिल्ह्याला गेल्या. बाकीच्यांचं काय झालं ते मी कधी विचारलं नव्हतं.

पहिल्यांदा मी घाई केली, दांडा हवेतच राहिला. दुसऱ्यांदा जमलं. नारळ फुटावा तसा आवाज आला. घोडी पलीकडे उतरली ती कान मागे पाडून.

"परफेक्ट!" कोचबाई ओरडली. "अगेन!"

आणि ही तुमची पीटीची बाई, पंजाबी ड्रेस, पायात मुलाचे जुने स्पोर्ट्स शूज, मोठ्यांदा आकडे मोजते आहे. तीन, चार, पाच. सातव्याला घोडी दांड्याकडे न बघता माझ्याकडे बघत आली. मला वाटलं, वा, शिस्त लागली.

"बस करो माताजी," मागून मोतद्दार म्हणाला. "बेज़ुबान है."

"भैया, तुम पानी लाओ," मी म्हटलं. "बाल्टी उधर है."

अकरा झाल्यावर कोचबाईनं माझ्या पाठीवर थाप मारली. लांब पायांच्या बायांपैकी एक तिथे होती, तिनं मला कॉफी आणून दिली. साखर नव्हती. तरी मी सगळी प्यायले.

शोच्या दिवशी घोडी अशी उडाली की दांडे आणि तिचे पाय यांच्यामधून मांजर गेलं असतं. एकही पडला नाही. आनंदाच्या भरात मी शिट्टी फुंकली, चार घोडे उधळले, आणि एका अधिकाऱ्यानं येऊन मला झापलं. नातीनं घोडीच्या मानेला मिठी मारली. घोडी राहिली! कोचबाईनं तिथल्या तिथे तसं सांगितलं. मी मनात म्हटलं, आजी म्हणजे काय चीज असते, ते कळेल कधीतरी हिला.

तासाभरात कळायला लागलं. नात घोडीच्या पायांच्या पट्ट्या स्वतः सोडत होती. नडगीवरून हात खाली आला आणि थांबला. टेंगळं आली होती. गरम, बोराएवढाली, चारही पायांना. एके ठिकाणी कातडीही गेली होती.

"हू डिड धिस?"

कोचबाईनं फोनमध्ये डोकं घातलं. मोतद्दार माझ्याकडे बघत राहिला. ओरडला नाही, इशारा नाही, नुसता बघत राहिला. मला वेळ दिला त्यानं. भरपूर दिला.

मी म्हटलं, "त्याला विचार. परवा दांडा घेऊन तोच उभा होता."

"बेबी, मैंने नहीं मारा," तो म्हणाला. "माताजी से पूछो."

"माय ग्रँडमदर?" नात किंचाळली. "माझी आजी? शी वॉश्ड हर थिंग्ज बाय हँड! डोन्ट टच हर. डोन्ट यू टच हर अगेन."

ती माझ्या बाजूनं उभी राहिली, माझ्यापुढे, दोन्ही हात पसरून. तेरा वर्षांची पोर. मी तिच्या मागे. उंचीनं मी तिच्याहून चार बोटं जास्त होते, जरा वाकले.

कोचबाईला आयतं मिळालं. मुलीनंच तक्रार केली, तीही सगळ्यांसमोर. तिनं मॅनेजरला सांगितलं, आणि आठवड्याच्या आत मोतद्दाराचा व्हिसा खलास. अठरा वर्षांचं सामान दोन बॅगांत भरून तो गेला, असं ड्रायव्हर म्हणाला. मी विचारलं नव्हतं, तो आपणहून म्हणाला, आणि नंतर घरापर्यंत आरशात बघत राहिला.

सुजेसाठी घोडीला दोन आठवडे विश्रांती मिळाली. मग पहिला सराव. मी आता खुर्ची सोडून मैदानात, पहिल्या अडथळ्याच्या खांबाशी. घोडी छान धावत आली, आणि दोन पावलांवर चारही पाय रोवून थांबली. नात तिच्या मानेवर आदळली. पुन्हा आली, पुन्हा थांबली. नाकपुड्या फुगलेल्या, अंग थरथरतंय.

"आजी, मूव्ह. यू आर इन द वे."

मी पुढच्या अडथळ्यापाशी गेले. घोडी पहिल्यावरून पिसासारखी गेली आणि दुसऱ्यापाशी थांबली.

नातीनं लगाम सैल सोडला. काही वेळ ती घोडीच्या कानांमधून माझ्याकडे बघत होती. मग शुद्ध मराठीत, जी ती फक्त गणपतीच्या आरतीला वापरायची, म्हणाली, "आजी, तू तिथे उभी राहा. त्या निळ्याजवळ."

मी नाही म्हणू शकले असते. पाय दुखतायत म्हणू शकले असते, या वयात ते कोणीही मान्य करतं. पण सांगितल्या जागी उभं राहायचं हे मी इतक्या पोरींना शिकवलं होतं की मीही शिकले होते. गेले. घोडी निळ्यापाशी थांबली.

"आता त्या पांढऱ्याजवळ."

पांढऱ्यापाशी थांबली.

"आता मैदानाच्या बाहेर जा."

बाहेर गेले, आणि घोडीनं चारही अडथळे न अडखळता पार केले. कडेच्या खुर्च्यांवरच्या बाया कॉफी खाली ठेवून बघत होत्या. आता मात्र सगळ्या माझ्याकडे बघत होत्या.

गाडीत नातीनं हात पुढे केला. "त्याचा नंबर."

फोटो त्याच्या गावाकडच्या नंबरावरून यायचे, म्हणून तो माझ्याकडे होता. व्हॉट्सअॅपवरून कॉल अबुधाबीत लागत नाही, म्हणून साधा फोन लावला. तिनं स्पीकर सुरू केला आणि फोन माझ्या मांडीवर ठेवला. ड्रायव्हरनं रेडिओ बंद केला, मेल्यानं.

"भैया, मैं बोल रही हूँ," मी म्हटलं. "वो... मैंने झूठ बोला था. बच्ची को अब पता है."

पलीकडे शेळ्या ओरडत होत्या.

"सूजन उतरी?" त्यानं विचारलं.

"हाँ."

"अच्छा." मग म्हणाला, "माताजी, माफ़ी रहने दो. मैनेजर को सच बोल दो. वो काग़ज़ भेजेगा तो मैं वापस आ सकता हूँ. इधर मेरे पास कोई काम नहीं है."

मॅनेजरला सांगायचं म्हणजे लिहून द्यावं लागणार. माझं नाव, मुलाचं नाव, त्याच्या कंपनीतल्या दोघांच्या मुली त्याच तबेल्यात. एवढा हिशोब माझ्या डोक्यात एका श्वासात झाला.

"इन्शाल्ला," मी म्हटलं.

तो अठरा वर्षं तिथे राहिला होता. असल्या इन्शाल्लाचा अर्थ काय, हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. त्यानं फोन ठेवला. नातीनं माझ्या मांडीवरचा फोन उचलला आणि मला पाठ करून खिडकीबाहेर बघत बसली. मॅनेजरकडे मी गेले नाही. ती मात्र दुसऱ्या दिवशी एकटी गेली. त्यानं तिला चॉकलेट दिलं आणि सांगितलं, लहान मुलांनी यात पडू नये.

त्याच आठवड्यात तिनं कोचबाईला सांगितलं की ती या घोडीवरून उड्या मारणार नाही. कोचबाई म्हणाली, मग घोडी धड्यांना जाईल, मला ती फुकट उभी ठेवता येणार नाही. नात म्हणाली, जाऊ दे. तिथे निदान कोणी दांडा धरत नाही.

म्हणजे ज्यासाठी मी अकरा वेळा दांडा उचलला, एका माणसाचं पोट मारलं, ते तिनं स्वतःच्या हातानं सोडून दिलं. एवढं सगळं झालं, पण आईबापांजवळ ती एक शब्दही बोलली नाही. मला वाटलं, आजीला वाचवतेय, रक्ताचं आहे शेवटी. किती भोळी होते मी तेव्हा! तरुणच ना.

मे महिना लागला. घोड्यांचे धडे आता आतल्या एसी हॉलमध्ये, काचेच्या भिंतीपलीकडे. रोज चारला नात मला तिथे नेऊन खुर्चीवर बसवायची आणि शेजारी उभी राहायची. पलीकडे कोणाचं तरी गुबगुबीत पोर घोडीच्या पाठीवर आपटत असायचं, लगाम ओढत असायचं, आणि घोडी मान वर काढून तोंड उघडून गोल गोल फिरत असायची. मी मान वळवली की नात म्हणायची, "आजी, बघ." इतकंच. आवाज अगदी गोड.

एका शुक्रवारी जेवताना सून म्हणाली, आता हिला रायडिंग नकोच आहे तर आईंना या उन्हात रोज तिकडे कशाला पाठवायचं? जाईल ती ड्रायव्हरबरोबर, घोडीला भेटून येईल.

"नो," नात म्हणाली आणि माझ्या पानात कोशिंबीर वाढली. "आजी कम्स विथ मी. एव्हरी डे."

मुलाचे डोळे भरून आले. "बघ आई," तो म्हणाला, "किती लळा आहे तिला तुझा."