ट्रॉलीमागची डीव्हीडी

आमच्या लग्नाच्या दोन डीव्हीडी होत्या. दोन्ही शिरोळला, सासूबाईंकडे. पत्नी गेल्यावर मी त्यांच्या प्रती काढायला घेतल्या. नव्या लॅपटॉपला डीव्हीडी घालायची सोयच नसते. लोकांकडे आता जुनं काही जपण्यासारखं उरलेलं नाही, असं बनवणाऱ्यांनी परस्पर ठरवून टाकलं आहे. म्हणून माळ्यावरचा जुना कॉम्प्युटर उतरवला.

पहिली डीव्हीडी आणून कॉपी केली. तिच्यात हळद आणि अक्षता आहेत. दुसरी सासूबाईंनी तेव्हा दिली नाही. ती त्या रोज लावून बघत, आणि लेक गमावलेल्या बाईच्या हातातून ती ओढून घेणं मला जमलं नाही. त्या दुसरीत, कोल्हापूरच्या आमच्या घराच्या उंबऱ्यावर, तिने घेतलेला उखाणा आहे. लग्नानंतर तिने मला नावाने हाक मारली नाही. सगळा संसार ‘अहो’वर झाला. माझं नाव तिच्या आवाजात फक्त तिथे आहे.

दिवाळीनंतर ती दुसरी डीव्हीडी आणायला गेलो, तेव्हा अंगणात उसाची ट्रॉली उभी होती. मागून येणाऱ्या गाडीच्या उजेडात चमकाव्यात म्हणून तिच्या मागच्या फळीला तारेने जुन्या सीडींच्या चकत्या बांधल्या होत्या. वाऱ्याने एक उलटली. तिच्यावर स्टुडिओने छापलेला आमचा फोटो होता. तार पत्नीच्या चेहऱ्यावरून गेली होती.

मेव्हणा गोठ्यातून आला. "आलासा व्हय, दाजी? बसा की."

"ही इथे कुणी बांधली?"

"मीच. प्लेअर पडलाय बंद. आणि तुम्हीच म्हणालासा की, लगीन कॉम्प्युटरात भरलं म्हणून. मग चकती ठेवून काय करायची?"

"अर्धंच भरलं होतं. दुसरी न्यायची राहिली होती."

"आता मला काय ठावं? पुसून लावा की. काच हाय व्हय ती फुटायला?"

सासूबाई दारातून म्हणाल्या, "सांगत हुते मी ह्येला. ऐकतंय कुठं!"

तो हसला. बहिणीचा चेहरा तारेत अडकवून माणूस हसू शकतो, हे मी त्या दिवशी पाहिलं. पक्कड मागून तार कापली. चहा न घेता निघालो.

घरी साबणाच्या पाण्याने डीव्हीडी धुतली, मऊ सुती कापडाने टिपली. खडीचे ओरखडे तसेच राहिले. ड्राइव्ह घरघरत होता. कॉपी पुढे सरके, थांबे. संध्याकाळपर्यंत जेवढी निघाली तेवढी निघाली.

मेव्हण्याचा फोन आला. "निघालं का, दाजी?"

"उखाणा अर्धा गेला."

"एवढंच ना? आईला सगळा पाठ हाय की. देऊ का फोन? म्हणून दाखवंल."

मी फोन ठेवला. काही महिने झाले, त्याच्याशी बोललेलो नाही. नातेवाईक मलाच समजावतात की एका चकतीसाठी नातं तोडू नये. त्यांच्या बायका त्यांना अजून ‘अहो’ म्हणतात.

जे निघालं, त्यात ती उंबऱ्यावर उभी आहे. बायका नाव घ्यायचा आग्रह करतात. ती सुरुवात करते, विसरते, हसते, पुन्हा पहिल्यापासून म्हणते. माझ्या नावाचं पहिलं अक्षर स्पष्ट ऐकू येतं. मग पडदाभर चौकोन पसरतात.

तेवढ्याच्या मी तीन प्रती काढल्या. शिरोळला एकही दिलेली नाही.