ग्रोफोचं पातेलं

झांबिलामावशीच्या घरात मिरवण्यासारखी एकच वस्तू होती. तिच्या नवऱ्यानं, ग्रोफोनं, ठोकून घडवलेलं तांब्याचं मोठं पातेलं. ग्रोफो जाऊन बरीच वर्षं झाली, पण पातेल्याची कल्हई तिनं कधी उडू दिली नाही. वस्तीत लग्न असो की बारसं, कोबीच्या पानात खिमा-भात गुंडाळलेले सारमाले त्यातच शिजायचे. पातेल्याला कल्हई होती, मावशीच्या जिभेला नव्हती. मी नवी नवरी म्हणून आले तेव्हा म्हणाली, "खा गं! सासूनं काय हाडं मोजायला आणलीय तुला?"

नगरपालिकेनं वस्ती पाडायचं ठरवलं आणि मावशी भाड्याची खोली शोधायला लागली. फोनवर तिचं बोलणं गोड. एक बाई म्हणाली, "या की, रिकामीच आहे." आम्ही दोघी गेलो. बाईनं दार उघडलं, आमचे चुण्यांचे घागरे पाहिले आणि म्हणाली, "आत्ताच दिली हो."

"आत्ता? आम्ही तर जिन्यातच होतो," मावशी म्हणाली. "भाडेकरू काय धुराड्यातून उतरला?"

"शेजारी ऐकायचे नाहीत. तुम्ही जिप्सी लोक घाण करता."

मला तिच्या झिंज्या उपटाव्याशा वाटल्या. मावशी माझा हात धरून जिना उतरली.

ऐन थंडीत बुलडोझर आला. "भिंती नेऊ देत मेल्यांना," मावशी म्हणाली. "पातेलं आहे तोवर मांडीन तिथं माझी चूल." ती गाद्या ट्रकमध्ये टाकत होती. पोलीस आमचं सामान लाथेनं सरकवत होते. त्यांच्यात एक तरुण पोरगी होती, पोलीसच. दोरीवरचे मावशीचे घागरे बर्फानं भिजताना पाहून तिनं ते काढले, घड्या घालून पातेल्यात ठेवले आणि वर झाकण लावलं.

"बघा आजी, आता थेंबही लागणार नाही," ती हसून म्हणाली.

आमच्यात कंबरेखालचं कापड धुवायचं घमेलंसुद्धा वेगळं असतं. ते कापड चुलीवरच्या भांड्यात गेलं की भांडं बाटलं. मग घासा, उकळा, नवी कल्हई करा, काही उपयोग नाही. त्यात पुन्हा अन्न शिजत नाही.

मी तोंड उघडणार, तोच मावशीनं माझा दंड दाबला.

"गप. आज आपल्या सामानाला हळू हात लावणारी ही एकटीच आहे."

तिनं घागरे काढून घेतले, पातेलं भिंतीशी ठेवलं आणि ट्रकमध्ये चढली. ट्रक हलला तशी ती पोरगी पातेलं उचलून मागे धावत आली.

"आजी, तुमचं पातेलं राहिलं!"

"राहू दे, बाळा. तुला घे. फुलं लाव त्यात."

आम्हाला कचरा डेपोशेजारी पत्र्याच्या खोल्यांत आणून टाकलं. संध्याकाळी ज्यानं त्यानं चूल पेटवली. मावशीनं फक्त तीन दगड मांडले आणि बसून राहिली. मी माझं पातेलं तिच्यापुढे केलं.

"आज नको," ती म्हणाली. "मयताच्या घरी चूल पेटवत नाहीत, पोरी. आज माझा ग्रोफो गेला."