फ्रेमवाल्याकडचं निळं चित्र

आमच्या कोल्हापुरात चित्रातलं सगळ्यांना कळतं. हे मी कौतुकानं लिहीत नाहीये. प्रत्येकाचा एखादा चुलता सिनेमाची पोस्टरं रंगवायचा, नाहीतर मामा फोटोवरून तसबिरी करायचा, आणि त्या पुण्याईवर घरातली सगळी माणसं परीक्षक झालेली. दुधाचा पेला हातात धरून कट्ट्यावर उभा असलेला माणूससुद्धा तालमीच्या भिंतीकडं बघून सांगतो, मारुतीचा डावा पाय चुकलाय. घोडा घोड्यासारखा दिसावा, पैलवान पैलवानासारखा आणि गेलेला माणूस आत्ता बोलेल असा, यावर गावाचं एकमत. अशा गावात, ऐंशी साल उलटल्यावर, मी ठिपक्यांची चित्रं विकायला काढली. माझं डोकं फिरलंय असं सासूबाई म्हणायच्या, आणि त्या दिवसांत आम्हा दोघींचं ज्यावर एकमत होतं अशी ती एकच गोष्ट असावी.

मी मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायची. वर्षानुवर्षं फुलदाणी, मडकं आणि दोन वांगी. वांगी काढून काढून मला भरीत खावंसं वाटेना. अशात एका मैत्रिणीनं पुण्याहून ॲक्रिलिकच्या चार ट्यूबा आणून दिल्या. तेलरंगासारखा घरभर वास नाही, पाण्यात कालवायचा आणि लावायचा. सुताराकडून हार्डबोर्डाचे वीतभर तुकडे आणायचे, त्यांना पांढरा हात द्यायचा, वर एकच रंग सपाट फासायचा आणि मग ठिपके. ब्रशच्या उलट्या टोकानं, छत्रीच्या काडीनं, विणायच्या सुईनं, जे हाताला लागेल त्यानं. कुठं दाट, कुठं विरळ. त्यात झाड नाही, माणूस नाही, देव नाही. निळ्यावर पिवळा ठिपका ठेवला की निळा बदलतो, आणि शेजारी तांबडा ठेवला की पिवळाही बदलतो. एवढंच मला बघायचं होतं, आणि बघून माझं मन भरत नव्हतं.

या रंगाची एकच खोड. तो वाट बघत नाही. बशीत काढला की चहा निवायच्या आत वर साय धरतो, आणि अजून थोडा वेळ गेला की चाकूनं खरवडून फेकावा लागतो. आणि आमचं घर म्हणजे हाकांचं घर. मी बशीत रंग काढला की स्वयंपाकघरातून हाक यायचीच. दूध उतू जातंय का बघ. दारावर भाजीवाली आलीय. ह्यांची वेगळीच हाक, माझा पांढरा सदरा कुठं आहे. सदरा नेहमीच्या खुंटीवरच असायचा. मी उठायची, सदरा त्यांच्या हातात द्यायची आणि परत येऊन वाळलेल्या रंगाची टरफलं काढत बसायची. पुण्याहून आणलेला, जपून जपून वापरायचा रंग, आणि तो असा केरात. त्या टरफलांकडं बघून मी कितीदा दात ओठ खाल्ले असतील.

हे सगळं सोसून चित्र पुरं व्हायचं, तर ते बघायला माणसं यायची आणि विचारायची, ह्यात काय हाय. सासूबाईंना त्यात गोवर दिसला. आमच्या ह्यांना राजगिरा सांडलेला दिसला, आणि हा विनोद त्यांनी कचेरीतल्या सगळ्यांना सांगितला. शेजारच्या काकू म्हणाल्या, डोळ्यांच्या डॉक्टरकडं असतंय की असलं, ठिपक्यांत आकडा लपवल्याला, तो ओळखायचा. आणि त्या खरोखरच चित्र उजेडात धरून आकडा शोधायला लागल्या. दिसला नाही तेव्हा त्यांना स्वतःच्याच डोळ्यांची काळजी वाटायला लागली, ती दूर करण्यात माझी अख्खी दुपार गेली.

विकली गेली नव्हती असं नाही. एक मुख्याध्यापिकाबाईंनी घेतलं, मला वाईट वाटू नये म्हणून. एक नणंदेनं घेतलं आणि विजेच्या मीटरची फळी झाकायला लावलं. एक शाळेतल्या दोघीतिघींनी मिळून कुणाच्या तरी लग्नात आहेर केलं, आणि ते त्या नवरीनं पुढच्या लग्नात आहेर केलं हे मला तिसरीकडूनच कळलं. सगळं ओळखीपाळखीत. मला एकच हवं होतं. ज्याचं माझं काही नातं नाही, ज्याला मी कोण हे माहीत नाही, अशा एका माणसानं ते चित्र बघावं आणि आवडलं म्हणून घरी न्यावं. एकानं. तसं एकदा जरी झालं असतं तर बाकीच्यांनी त्यात गोवर बघितला असता तरी मला चाललं असतं. आणि दिवाळीपर्यंत नाहीच झालं, तर उरलेल्या ट्यूबा शाळेतल्या पोरींना देऊन टाकायच्या आणि पुन्हा वांग्यांकडं वळायचं, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. हे कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर घरात पेढे वाटले असते.

महाद्वार रोडजवळच्या एका बोळात एक फ्रेमवाला होता. त्याच्या भिंतीवर अंबाबाई, जोतिबा, हार घातलेली म्हातारी माणसं आणि गदा घेतलेले पैलवान असे सगळे दाटीवाटीनं राहत. मी त्याच्या मागं लागून एक खिळा मिळवला. दिवाळीत कॅलेंडरांना जागा लागते, तोवरच, असं त्यानं बजावलं.

"बाई, गिऱ्हाइकानं इचारलं तर काय सांगू?" तो म्हणाला.

"सांगा की रंगांचं चित्र आहे."

"त्ये दिसतंय की मला. पर कशाचं?"

"कशाचंच नाही."

"मग घेणारा कशापायी घील?"

मी निळ्यावर पिवळ्या ठिपक्यांचं एक चित्र खिळ्याला अडकवलं आणि निघून आले. पुढचे कितीतरी दिवस शाळा सुटली की मी वाट वाकडी करून त्या बोळातून जायची. निळं तिथंच असायचं. कधी जोतिबाच्या मागं गेलेलं, कधी उलटं टांगलेलं. मी ते सुलटं करायची आणि फ्रेमवाला शांतपणे म्हणायचा, "मला वाटलं, दोन्हीकडनं सारखंच हाय."

दसऱ्याच्या आधी एका संध्याकाळी खिळा रिकामा दिसला. मला वाटलं, यानं काढून टाकलं.

"गेलं की," तो म्हणाला. "राधानगरीकडच्या एक पावण्या आलत्या. सासऱ्याची तसबीर न्ह्यायला. जाताना म्हटल्या, ह्ये पन द्या."

"कशाचं आहे म्हणून विचारलं का त्यांनी?"

"काय न्हाय इचारलं. बघत बसल्या हुत्या लई येळ."

काय नाही विचारलं. हे तीन शब्द मी घरी येईपर्यंत मनात घोळवत होते. येताना पेढे घेतले. सासूबाईंनी विचारलं कशाचे, तर मी म्हटलं, गोवर विकला गेला. त्या रात्री जेवताना मी जरा जास्तच बोलले असेन. ओळख ना देख, खेड्यातली बाई, तिला कळतं आणि शिकलेल्या माणसांना कळत नाही, वगैरे. आमचे हे मान खाली घालून भात कालवत राहिले. दुसऱ्या दिवशी मी दोन नवे बोर्ड पांढरे केले.

दिवाळी तोंडावर आली तेव्हा फ्रेमवाल्यानं निरोप पाठवला, तुमचं गिऱ्हाईक आलंय, बाईंना बघायचंय म्हणतंय. शाळा नुकतीच सुटली होती. मी इस्त्रीच्या साडीनं, पदर सारखा करत बोळात शिरले. काय बोलायचं तेसुद्धा वाटेत जुळवलं होतं.

दुकानात एक बाई बाकावर बसली होती. माझ्याच वयाची असेल, नऊवारी, हातात पिशवी. फळीवर माझं निळं चित्र होतं. आणि त्यावरचा प्रत्येक ठिपका शेजारच्या ठिपक्याला तांबड्याभडक रेघेनं जोडलेला होता. पाकळ्या, वेटोळी, कोयऱ्या. निळा मेला होता, पिवळा मेला होता, सगळीकडं तांबडं जाळं.

"तुमीच व्हय काढणाऱ्या?" ती उठून म्हणाली. "बरं झालं गाठ पडली. बघा की, जमलंय का."

"हे काय केलंत तुम्ही?"

"पुरं केलं की."

"ते पुरंच होतं."

"न्हाय वो बाई. निस्तं ठिपकं दिलं हुतं."

"ते तसंच असतं. ठिपक्यांचंच चित्र आहे ते. रांगोळी नाही."

"आता झाली की," फ्रेमवाला मध्येच म्हणाला. मी त्याच्याकडं असं बघितलं की तो काच पुसायला लागला.

रेघा कशानं ओढल्या विचारलं, तर म्हणे बेंदराला बैलांच्या शिंगांना लावायचा रंग उरला होता. पावसानंसुद्धा जात नाही. हे तिनं मोठ्या अभिमानानं सांगितलं. मी नखानं खरवडून बघितलं. खरंच जात नव्हता. इतक्या महिन्यांत एक माणूस भेटलं, एकच, आणि त्यानं हे करावं. मी म्हटलं, तुमचे पैसे मी परत देते, चित्र इथं ठेवून जा. तिनं झटकन चित्र उचललं आणि पदराखाली धरलं.

"का म्हून? माझं हाय त्ये. काच घालाय आणलंय. रांगोळी काडली की म्हसरं तुडवत्यात, दुपारच्याला काय ऱ्हात न्हाय. ह्ये तरी ऱ्हाऊ दे."

"तुम्हाला एवढं अर्धवट वाटलं होतं तर घेतलंत कशाला?" माझा आवाज चढला होता. "आवडलं म्हणून घेतलं होतंत ना?"

"आवडायचं काय त्यात?" ती सरळ म्हणाली. मग माझ्या तोंडाकडं बघून तिला काय वाटलं कोण जाणे, तिनं चित्र पुन्हा फळीवर ठेवलं. "मामंजींची तसबीर न्ह्यायला आलते. काच कापूस्तवर बसा म्हटलं. समोर ह्ये टांगल्यालं. बघता बघता वाटलं, कुणीतरी बाई बसल्याली असणार ठिपकं द्यायला. हितनं सुरवात केलीया. हितवर आलीया." तिचं बोट फिरत फिरत खालच्या उजव्या कोपऱ्यात गेलं. तिथं चार बोटं जागा नुसती निळी होती, जोडायला ठिपकेच नसल्यामुळं तिनंही तिथं काही केलं नव्हतं. "आन् हितं तिला कुणीतरी हाक मारलीया. उठून गेलीया, परत बसाय गावलं न्हाय. माझं बी रोज असंच हुतंय. ठिपकं दिऊन हुत्यात आन् म्हस वरडती, न्हायतर म्हातारी. म्हटलं, आपलं काय पुरं हुईत न्हाय, हिचं तरी करावं."

हे चित्र काढत होते त्या दिवशी नेसरीचे पाहुणे न कळवता आले होते. मी उठले ती दिवेलागणीलाच मोकळी झाले, तोवर बशीतला रंग दगड झाला होता आणि तसलाच पुन्हा कालवता येईना. म्हणून कोपरा तसाच राहिला. मग मला तो बरा वाटायला लागला आणि मी सगळ्यांना सांगायला लागले, या मोकळ्या जागेमुळंच बाकीचे ठिपके श्वास घेतात. ते खोटंही नव्हतं. चित्र त्या कोपऱ्यामुळंच चांगलं झालं होतं, आणि तो कोपरा हाकेचाच होता.

गावानं त्या ठिपक्यांत गोवर बघितला, राजगिरा बघितला, लपवलेला आकडा शोधला. तिथं एक बाई बसली होती हे कुणाला दिसलं नव्हतं. मला रडू येत होतं आणि रागही जात नव्हता, दोन्ही एकदम.

फ्रेमवाल्यानं हळूच विचारलं, काच साधी घालू का चांगली.

"चांगली घाला," मी म्हटलं. पण इतकं सगळं मुकाट्यानं गिळणं माझ्या स्वभावात नाही, म्हणून तिच्याकडं वळून म्हणाले, "रेघा मात्र फार वाकड्या आल्यात तुमच्या."

तिनं चित्राकडं नीट बघितलं.

"व्हय," ती म्हणाली. "मलाबी मधनंमधनं हाका हुत्याच की."