कापसाच्या खोलीतली चिनी
शेजारी फोडणीत मिरची करपली की मला जिंतूरजवळच्या आमच्या घरातली कापसाची खोली आठवते. भाव येईपर्यंत कापूस तिथं छतापर्यंत भरून ठेवलेला असायचा, त्यात आवाज दबून जायचा, म्हणून भर दुपारी मी आत बसून मोबाईलवरून चिनी शिकायची. एकच शब्द, सूर वर चढवून, खाली पाडून, पुन्हा पुन्हा. एकदा मागं वळले तर दारात आई उभी, चेहरा पांढराफटक. तिनं मला चुलीपुढं बसवलं आणि मीठ-मोहरी, लाल मिरच्या माझ्यावरून ओवाळून विस्तवात टाकल्या. "आई, चिनी भाषा हाय ती. शिकायलेय मी," मी म्हणाले. "गावात कुणालाच येत न्हाई ती. मग कापसात बसून तू कुणासंग बोलायलीस?" मिरच्या जळून काळ्या झाल्या, पण ठसका कुणालाच लागला नाही, आमच्याकडं तसं झालं की नजर लय मोठी समजतात. आईनं माझं मनगट घट्ट धरलं. आज मला चिनी वाचता येते. पण एखादं वाक्य मोठ्यानं म्हणायचं झालं, तर परभणीतल्या या भाड्याच्या खोलीत एकटी असतानाही मी आधी दाराला कडी लावते.