आप्पांच्या गाडीतली आरपीएमची तार

आईने आप्पांना रविवारपर्यंतची मुदत दिली होती. "गाडी नीट चालवा, नाहीतर विकून टाका. मला अजून नातवंडं बघायची आहेत."

आप्पा म्हणजे माझे वडील. चौतीस वर्षं त्यांनी सुरतेत, कतारगामला, यंत्रमागांच्या खात्यात काढली. खडखडाटात कान गेले. पूर्ण नाही, पण इंजिनाचा आवाज हरवण्याइतके. काम सुटल्यावर त्यांनी हौसेने जुनी गाडी घेतली, पण इंजिन कधी रडतंय आणि कधी मरतंय हे त्यांना कळेना. पहिल्या गिअरमध्ये किंचाळत गाडी पर्वत पाटियाच्या चौकापर्यंत जायची आणि तिथे सिग्नलला बंद पडायची. शेजारच्या भाभी म्हणायच्या, "काका तो पहेला गियरमां ज कामरेज पहोंची जशे." म्हणजे पहिल्या गिअरमध्येच पार शहराबाहेर. आई हसायची नाही. ती मागच्या सीटवर बसलेली असायची.

मी इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनिअर. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली पहिली. हे मी सांगून टाकते, कारण मी नाही सांगितलं तर आप्पा सांगतात, आणि ते फार मोठ्याने सांगतात. इच्छापोरच्या कारखान्यात पॅनलचं वायरिंग माझ्याकडे असतं. मी म्हटलं, कान नाहीत तर डोळे आहेत. या गाडीला कंपनीने आरपीएम मीटर दिलेला नाही, तो आपण लावू. आप्पा काटा बघून गिअर बदलतील, गाडी घरात राहील.

मीटरला चार तारा होत्या. करंटची, अर्थिंगची, दिव्याची, या तीन दहा मिनिटांत जोडल्या. चौथी हिरवी. इंजिनाचे फेरे किती, ही खबर तिला हवी असते, आणि ती खबर गाडीतल्या कुठल्या तारेतून जाते ते आपण शोधायचं. कागदावर एवढंच छापलेलं, "इग्निशन कॉइलला जोडा." बोनेट उघडलं तर एकीऐवजी दोन कॉइल.

मल्टिमीटर घेऊन एकेक तार बघायला लागले. ॲक्सिलरेटर दाबला की जिच्यातला आकडा चढतो, ती आपली. ॲक्सिलरेटरवर आप्पा. "दाबा" त्यांना कळलं. "सोडा" कळेना. इंजिन ओरडतंय, मी ओरडतेय, बाल्कनीतून आई. शेवटी आप्पांनीच खिडकीबाहेर मूठ काढून दाखवली. खात्यात कुणालाच काही ऐकू येत नाही, म्हणून तिथे मूठ म्हणजे थांब आणि उघडा पंजा म्हणजे चालू. मग मी बोनेटच्या बाजूला हात काढून मूठ आणि पंजा करत राहिले, आणि काम सुरळीत झालं.

तार सापडली. हिरवी जोडली, टेप गुंडाळला. काटा उठला आणि चारशेवर थांबला. मी आईकडे विजयाने बघितलं.

आप्पा खाली उतरले. बोनेटखालच्या पत्र्यावर तळवा ठेवून डोळे मिटले आणि आपल्या अहिराणीत म्हणाले, "चारशे नही. आठशे शे."

"आप्पा, मीटर आहे तो."

"मीटर नवा शे. हात जुना शे. चारशेवर गाडी बंद पडी जाई."

"मी हेच शिकलेय."

"शिकेल शे ना? मंग परत देख."

परत बघितलं आणि लाजले. दोन कॉइलींत काम अर्धं अर्धं वाटलेलं, आणि मी एकीचीच तार धरली होती. मीटरला खबरही अर्धीच पोचत होती. त्याच्या पाठीवर किती सिलिंडर हे सांगायची बारीक कळ असते, ती चारवरून दोनवर आणली. काटा आठशेवर गेला. आप्पांनी बघितलंसुद्धा नाही.

मी म्हटलं, "हाताला एवढं कळतं, तर चालवताना का कळत नाही?"

हात तर स्टेअरिंगवर, तिथे काय कळणार, ते म्हणाले. खात्यात अनवाणी उभं राहायचं, मागाची चाल तळपायाला कळायची.

"मग पाय आहेत ना गाडीत?"

त्यांनी खाली बघितलं, जरा ओशाळून. "बूट."

बूट मीच दिले होते, पहिल्या पगारात. दोन बोटं जाड तळ. इंजिनिअरचा बाप चपलेवर गाडी चालवतो हे बरं दिसत नाही, हे वाक्यही माझंच. लेकीने दिलेले म्हणून ते काढायला तयार नव्हते.

रविवारी बूट डिकीत गेले. मी मीटरवर रुमाल टाकून शेजारी बसले.

"किती?" मी बोटांनी विचारलं.

"पंधराशे."

रुमाल उचलला. मागून आई वाकून म्हणाली, "एक रेघ खाली आहे." पण पर्वत पाटियाचा सिग्नल आला, गाडी थांबली, आणि इंजिन चालूच राहिलं. आईने पर्समधून जुन्या गाड्या विकत घेणाऱ्याच्या नंबराची चिठ्ठी काढली आणि तिच्यात बडीशेप बांधली.

गाडी राहिली. मीटरही राहिला, तो आता आई वापरते. पुढे बसते, काट्यावरून नजर हलवत नाही आणि दर शंभराला आप्पांना आकडा सांगते. त्यांना ऐकू येत नाही.