सामाईक अँटिना

चहा येईस्तोवर एक सांगून टाकतो. मागाहून तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळलं तर तो तिखटमीठ लावून सांगणार, आणि माझी आहे तेवढी अब्रूही जाणार. तशी ती फार नाहीच. पण जी आहे ती मीच घालवलेली बरी.

मी आजवर तीन गेम संपवलेत. व्हिडिओ गेम. हसायचं काय त्यात? शाळा मी चौथीत सोडली, भजनी मंडळ सोडलं, तंबाखू तर दर सोमवारी सोडतो. शेवटापर्यंत नेलेली अशी गोष्ट म्हणजे हे तीन गेमच.

त्याचं असं झालं. आमचा पोरगा भोसरीला कंपनीत. त्यानं त्याच्या लेकरांसाठी टीव्हीला जोडायचा गेम आणला. लेकरांचा अभ्यास बुडाला. मग सूनबाईनं तो गेम पिशवीत घालून गावाला माझ्याकडं पाठवला. "आण्णा, तुमच्याकडं राहू द्या. तिथं कुणी हात लावणार न्हाई." म्हणजे एकाची दारू सुटावी म्हणून बाटली शेजाऱ्याकडं ठेवतात ना, तसं. शेजाऱ्याचा विचार कुणी केलाच नाही.

पहिला गेम संपवला तो गाडीचा. त्याबद्दल माझं मत चांगलं नाही. समोरचा बाजूला सरत नाही, हॉर्न नाही, आणि मधे कुठं चहाला थांबता येत नाही. असली गाडी आपण नाशिक रोडला रोजच बघतो, त्यासाठी टीव्ही कशाला?

दुसरा रणगाड्यांचा. आपला बांध राखायचा आणि दुसऱ्याचा फोडायचा. हा मला कुणी शिकवायची गरज पडली नाही. आमच्या भाऊकीत जन्मलेला माणूस हा गेम डोळे मिटून संपवील.

तिसरा मात्र गेम होता, राव. एक निळ्या सदऱ्याचा गडी, हातात गोफण. तो बुरुजाचे मजले चढत जातो. वर एक पिवळा राक्षस बसलेला. गड्याला तीन जीव. तिन्ही गेले की पुन्हा तळापासून सुरुवात. अर्ध्यावर ठेवून जेवायला जायची सोय नाही. बसलात की बसलात.

आणि मी बसलो.

आता अँटिनाचं ऐका, कारण घात तिनं केला. थोरले दादा आणि मी, आमची वाटणी झाली तेव्हा रान वाटलं, बैल वाटले, आईची पितळी परातसुद्धा वाटली. नाही वाटता आल्या त्या दोनच वस्तू: विहीर आणि अँटिना. त्या सामाईक राहिल्या. विहिरीवर पाळी असते, अँटिनाला पाळीची गरज नाही. दादांच्या कौलांवर एक पाइप उभा, त्यातून एक वायर त्यांच्या घरात आणि एक भिंतीवरून माझ्या घरात.

गेम लावायचा तर अँटिनाची वायर काढायची आणि गेमची घालायची, असं पोरगा सांगून गेला होता. रोज कोण काढ-घाल करणार? मी दोन्ही वायरी सोलून एकत्र पिळल्या आणि वर चिकटपट्टी मारली. आपण पाइपलाइनीला टी जोडतोच की. विहिरीचं पाणी आपल्याकडं येतं. आपलं पाणी काय उलटं विहिरीत चढतं का?

धरून ठेवा एवढं.

तेव्हा कांदा लागणीचे दिवस होते. आमच्याकडं लागण सावडीनं होते. आज सगळ्यांनी तुमच्या रानात राबायचं, उद्या माझ्या. जो दुसऱ्याच्या रानात जात नाही त्याच्या रानात कुणी येत नाही, आणि त्याचं रोप वाफ्यातच म्हातारं होतं. माफी फक्त दुखण्याला. माझं रोप तर लागणीला आलेलं. इकडं निळा गडी शेवटच्या मजल्याच्या तोंडाशी. सावड सोडावी तर कांदा गेला, सावडीला जावं तर राक्षस राहिला.

मग माझी कंबर धरली.

काय धरली म्हणता! खाटेवरून उठताना मी असा कण्हलो की माझं मलाच वाईट वाटलं. दादा बघायला आले. माणूस देवासारखा.

"बाबू, तू पड. हालू नको. तुझं रान आमी लावून देऊ."

"दादा, मला लई वाईट वाटतंय."

"वाईट वाटून कंबर बरी व्हत न्हाई. पड गपगुमान."

पडलो. आमची ही घमेलं घेऊन सावडीला गेली की मी उठायचो, कडी लावायचो आणि गेम जोडायचो. ही परत यायच्या आत गेम कपाटात आणि मी खाटेवर.

एका संध्याकाळी वैनी शेक द्यायला वीट तापवून घेऊन आल्या. चेहरा उतरलेला.

"भावजी, आमच्या टीव्हीत कायतरी शिरलंय."

"काय शिरलंय?"

"दुपारी आमी जेवायला घरी आलो. बातम्या लागल्या व्हत्या. त्या बातम्यावाल्या बाईच्या कपाळावरनं कायतरी निळं टणाटणा उड्या मारत गेलं."

आता इथं शहाण्या माणसाला शंका यायला हवी होती. मला नाही आली. पाणी उलटं चढत नाही, हे माझ्या डोक्यात पक्कं. शिवाय माझी खोड तुम्हाला ठाऊक आहे. समोर घाबरलेलं माणूस दिसलं की माझी जीभ आपोआप सुटते.

खोडदच्या त्या मोठाल्या तबकड्या तेव्हा नव्यानंच उभ्या राहिल्या होत्या. आमच्या वस्तीवरून दिसतात. मी तोंड गंभीर केलं.

"वैनी, कुणाला बोलू नका. खोडदची दुर्बीण कशासाठी हाय? आभाळातलं पकडायसाठी. त्यांनी कायतरी पकडलं असंल. त्यातलं सांडलं आपल्या अँटिनात."

"आगं बया. मग ते हाय तरी कोण?"

"चांदणीवरचा माणूस."

वैनींनी वीट माझ्या पाठीवर ठेवली ती तशीच विसरून गेल्या. सदरा जळाला. पण मी खूश. लई दिवसांनी एवढी चांगली थाप जमली होती.

'कुणाला बोलू नका' म्हटल्यावर काय होतं ते सांगायला नको. दुसऱ्या दिवशी नामदेव आला. आमचा शेजारी, सावडीतला पुढारी.

"बाबूराव, आमी बघितला बरं का. दुपारचाच येतो."

"असणारच. त्यांच्याकडं तवा सकाळ असती."

"माणूस कसा वाटतो तुमाला? चांगला का वाईट?"

"आपण चांगलं वागलो तर चांगला," मी सांगितलं. असली उत्तरं मला झोपेतही येतात.

वैनी भीमाशंकरला अभिषेक बोलून बसल्या. वस्तीवरली सगळी सावड दुपारचं जेवण दादांच्या पडवीत टीव्हीसमोर करू लागली. मीही एकदा संध्याकाळी कंबर धरून, भिंतीला हात लावत तिकडं गेलो. म्हटलं, आपली थाप कशी दिसते ते आपणही बघावं. तर टीव्हीवर साधा शेतीचा कार्यक्रम. चांदणीवाला नाहीच.

"तुझ्या पायगुणानं गेला," दादा म्हणाले.

मी गेलो की तो जाणारच, हे आज तुम्हाला कळतंय. मला तेव्हा कळलं नाही. आणि दादांनी काय केलं? त्या वयात शिडी लावून कौलांवर चढले, अँटिनाच्या तारा घासूनपुसून लख्ख केल्या आणि वायर घट्ट बसवली. का, तर पाहुणा पुसट दिसतोय, नीट दिसावा. मी खाटेवरून ओरडतोय, "दादा, जपून, पडाल." धाकट्या भावाची माया बघून ही पदरानं डोळे पुसत होती.

मग माझ्या रानातल्या लागणीचा दिवस आला. सगळी सावड सकाळीच माझ्या रानात उतरली. रोप उपटून ओल्या पोत्यात बांधावर ठेवलेलं. दुपारपर्यंत निम्मे वाफे लागले. जेवायला सगळे दादांकडं गेले. आणि मी? मी त्या वेळेला शेवटच्या मजल्यावर, एका जिवावर.

खेळता खेळता भिंतीपलीकडून आरडाओरडा ऐकू यायला लागला. "हान त्याला!" "मागं सर, मागं सर!" मला वाटलं क्रिकेट लागलंय. मला त्याचा जोर चढला. गड्यानं गोफण फिरवली, तिकडून आवाज, "शाब्बास!" राक्षसानं फटका मारला, तिकडून हळहळ. मी मनात म्हटलं, आज मॅच रंगलेली दिसते.

शेवटचा दगड बसला. राक्षस कोसळला. भिंतीपलीकडं टाळ्या पडल्या. नामदेवानं म्हणे शिट्टी मारली.

गेम संपवला की मिळतं काय, ते तुम्हाला सांगतो. काही नाही. तुमचं नाव विचारतात. तेही इंग्रजीत. माझी इंग्रजी अक्षरं तेवढीच, जी पोरानं दुधाच्या किटलीवर लाल रंगानं काढून दिली होती, डेअरीत किटल्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून. रोज बघून पाठ झालेली. मी एक एक अक्षर शोधून लावलं. बाबू.

पलीकडचा आवाज बंद झाला.

तिकडं काय झालं ते मला हिनं मागाहून सांगितलं. चांदणीवरचा माणूस स्वतःचं नाव लिहितोय म्हटल्यावर सगळ्यांचे घास हातात राहिले होते. वाचता कुणालाच येईना. आमचे दादा तर अंगठेबहाद्दर. पण रोज पहाटे डेअरीत माझी किटली शोधून कोण देतं? दादा. ते टीव्हीजवळ गेले, निरखून बघितलं आणि म्हणाले, "ही तर बाबूची किटली."

मी कडी काढली तेव्हा दादा दारात उभे. मागं सगळी सावड. मी एका हातानं कंबर धरली. दुसऱ्या हातात गेमचा रिमोट तसाच होता.

"कंबर कशी हाय, बाबू?"

"लई दुखतीय, दादा."

"दुखणारच. एवढ्या वरच्या मजल्यावरनं उड्या मारल्यावर."

बास. एवढंच बोलले. शिवी नाही, तमाशा नाही. वैनी म्हणाल्या, "चांदणीवर जेवून घ्या भावजी, आमच्याकडं भाकरी संपली." आणि सगळे चालायला लागले. मला वाटलं आपापल्या घरी निघाले. पण नाही. सगळे माझ्याच रानात गेले आणि बांधावर ओळीनं बसले. हीसुद्धा. पोत्यातलं रोप माझ्या पुढ्यात ठेवलं. उपटलेलं रोप थांबत नाही. ते आजच लागलं पाहिजे, नाहीतर फेकायचं.

मी वाफ्यात उतरलो. एकटा. बांधावर पान-तंबाखू चाललेली. माझा वाफा संपला की नामदेव टाळ्या वाजवायचा. काडी चिखलात सरळ बसली नाही की कुणीतरी मागून हळहळायचं. टीव्हीतल्या गड्यासाठी हळहळले होते ना, अगदी तसंच. तीन जीव, अर्ध्यावर ठेवायची सोय नाही, हे सगळं त्यांनी माझ्याकडून वदवून घेतलं होतं.

ऊन कलायला लागलं तेव्हा शेवटच्या वाफ्यात मी वाकलो आणि कमरेत अशी काही कळ निघाली की मी तसाच राहिलो. वर येईना, खाली जाईना. या खेपेला खोटं नव्हतं हो. डोळ्यांत पाणी आलं.

"दादा," मी वाकल्या वाकल्या म्हटलं, "आता खरंच धरली."

दादांनी तंबाखू मळून तोंडात टाकली, हात झटकले.

"जीव किती राहिले?"

"एकच, दादा."

"मग हो पुढं," दादा म्हणाले. "ह्यातबी अर्ध्यावर ठेवून जायची सोय न्हाई."