आबांनी उघडलेली पत्रिका

रविवारी सकाळी सांगलीत घरी पोहे परतत होते, तेवढ्यात कराडच्या मावशीचा फोन. "तुझ्या आबांनी कुणाची पत्रिका धाडलीय गं? उघडंना बघ..." आमच्या घरात कुणाचंच लग्न नाही!

"हात लावू नकोस!" म्हणून ओरडले आणि पाटणजवळच्या आमच्या गावी आईला फोन लावला. आबा म्हणजे माझे वडील, फौजेतून सुभेदार म्हणून रिटायर झालेले. त्यांच्या व्हॉट्सॲपवरून पत्रिकेच्या नावाखाली एपीके फाइल, म्हणजे फोनमध्ये चोराचं ॲप घुसवणारी फाइल, आपोआप अख्ख्या गावाला चालली होती... आणि सुभेदारांनी पाठवलेलं गावात कोण उघडणार नाही?

आबांना ती आली होती माझ्या चुलतभावाकडून, दादाकडून. ही फाइल धोक्याची असू शकते, असं फोननं बजावलंही होतं. तरी आबांनी दाबलं. का? "भावकीतली पत्रिका हाय. न्हाई उघडली तर म्हणतील, सुभेदार लय मोठा झाला." घ्या! मानापानापुढे आम्हाला धोका दिसतोय कुठे?

आबांना नेट बंद करायला लावलं, फाइल काढायला लावली, बँकेला सांगून खातं थांबवलं, सायबर हेल्पलाइनला तक्रार केली. मग दादाला सावध करायला फोन केला, तर तो थंडपणे म्हणतो, "व्हय, माझा फोन परवाच हॅक झालता. फॉरमॅट मारला मी."

परवा!! आणि कुणाला सांगितलं का नाहीस? "मोबाइलचं दुकान हाय माझं. गिऱ्हाईक हसंल की गं."

असा संताप झाला ना... तुझी लाज झाकायला गावाची वाट लावलीस? एक मेसेज टाकला असतास तर माझा बाप वाचला असता! तोंडाला येईल ते बोलले त्याला. अजिबात वाईट वाटलेलं नाही.

आता धास्ती आबांची. तेही लाजेनं गप्प बसले तर त्यांच्या नावावर विश्वास ठेवून किती घरं फसतील... आईला तेच सांगत होते, तोवर तिच्या फोनमधून देवळाच्या स्पीकरची खरखर ऐकू आली.

"मंडळी, सुभेदार बोलतोय. माज्या नंबरवरनं पत्रिका आली आसंल तर उघडू नका. चोराची हाय. मी उघडली, फसलो. तुमी उघडली आसंल तर लाजू नका, फोन घिऊन देवळात या. मी हितंच बसलोय."

आले हो लोक! शाळेचे गुरुजीसुद्धा आले. आईही देवळात जाऊन फोन स्पीकरवर टाकून उभी, आणि मी इकडून एकेकाला काय बंद करायचं, काय काढायचं ते सांगत होते. आबा, तुमचा लय अभिमान वाटला...

तर ऐका. पत्रिका फोटो असते, पीडीएफ असते... ती कधी इन्स्टॉल करायला सांगत नाही. सांगितलंच तर आधी पाठवणाऱ्याला फोन करा. आणि फसलात तर बोंबला. मोठ्यानं बोंबला!

आणि दादा, तू हे वाचतोयस, माहितीय मला. लाइक नको टाकूस. तुझ्याकडून गेलेली ती पत्रिका अजून ज्यांच्या फोनात पडून आहे, त्यांना आधी फोन लाव.